हातात मका, पुढं टेम्पो: मटणासाठी जनावर पाळण्यात खोट आहे का?

कागलकडचा · रविवार, रात्री १०.४०

मंडळी, दोन वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला आहे, गाव कागल तालुक्यात. लॉकडाऊनमध्ये पगार निम्मा झाला तेव्हा पडवीत चार उस्मानाबादी शेळ्या बांधल्या. आज लहानमोठी धरून चौदा आहेत. धंदा वाईट नाही. शेळी दोन वर्षांत तीनदा विते, बऱ्याचदा जुळी देते. पाटी ठेवायच्या, बोकडं विकायची.

आज सकाळी हेड्या (जनावरांचा दलाल) आला. एका बोकडाच्या पाठीवर शेवटच्या बरगडीमागं पंजा ठेवून दाबून बघितलं, मग पोटाखाली हात घालून उचललं आणि म्हणाला, "तीस भरंल." काट्यावर एकतीस भरलं. बारा हजारांना सौदा झाला. इथवर नेहमीचंच.

पण ते टेम्पोत चढेना. ड्रायव्हरनं दोर धरून ओढलं तर पुढचे पाय ताठ रोवून उभं. मी म्हटलं थांबा, आणि मुठीत मका घेऊन टेम्पोत जाऊन उभा राहिलो. या बोकडाच्या आईला दगडी (कासेचा आजार) झाली होती, त्यामुळं पिल्लू असताना त्याला मीच बाटलीनं पाजलं होतं. माझ्या हातचा मका त्याच्या सवयीचा. मका बघितला आणि गुमान चढलं. मी बाजूनं खाली उतरलो, ड्रायव्हरनं फळका लावला. टेम्पो हलला तरी ते फळक्यावरून मान काढून माझ्या मुठीकडंच बघत होतं. मुठीत अजून चार दाणे होते.

मी मटण खातो. आज दुपारी घरात होतं, मी जेवलोसुद्धा, खोटं कशाला बोलू. पण त्याला ओढून नेलं असतं तर मला एवढं लागलं नसतं. खावं की खाऊ नये हा वाद नको, तो दर आषाढात इथं होतोच. मला एवढंच विचारायचंय: जीव लावून वाढवायचं आणि मग विकायचं, यात काही खोट आहे का? का जीवच न लावता वाढवणं जास्त वाईट?

तालीम_गल्ली · रविवार, रात्री ११.०५

भावा, रविवारी रात्री हे काय काढलंस! आत्ताच पांढऱ्या रश्श्याची तिसरी वाटी संपवून मोबाईल हातात घेतलाय. आता झोप येत नाही बघ.

शिरोळची_लेक · सोमवार, सकाळी ७.२०

आम्ही जैन, पण पेढीवाले नाही, शेतकरी. मटणाचा प्रश्न घरात कधी आलाच नाही, त्यामुळं मी बोलले की लोक म्हणतात हिला काय कळतंय. तरी लिहिते.

आमच्याकडं हिंसेचे चार प्रकार सांगतात. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. चुलीत किडा जळतो, नांगराला गांडूळ लागतं, घरात शिरलेल्याशी झटापट होते. संसारी माणसाला हे पूर्ण टाळता येत नाही, जपून वागायचं एवढंच. पण मारायचं ठरवून मारणं ते संकल्पी, आणि ते मुनींनीच नव्हे, गृहस्थानंही सोडायचं. तुमच्या बोकडाला जीव लावला काय, न लावला काय, ते जन्मायच्या आधीच त्याचं ठरलेलं होतं. तुम्हाला लागलं कारण मका देणारा आणि पैसे मोजून घेणारा एकच होता. शहरात हीच दोन माणसं वेगळी असतात आणि तिसराच जेवतो, म्हणून कुणाला काही लागत नाही.

राजारामपुरीकर · सोमवार, सकाळी ९.४५

ताई, पटलं. पण ऊस पेटवून तोडता तेव्हा फडातले उंदीर, साप, सशाची पिल्लं कुठल्या प्रकारात बसतात? उद्योगी म्हणून सोडून द्यायचं का?

शिरोळची_लेक · सोमवार, दुपारी १.१०

सोडून देता येत नाही. आमचा फड मागच्या हंगामात पेटवला. वडील नको म्हणत होते, टोळी ऐकत नव्हती, कारखान्याची तारीख गेली असती. दुसऱ्या दिवशी सरीत काय काय पडलं होतं ते मी बघितलंय. पण एक पाप टळत नाही म्हणून दुसरं चालेल, हे मला जमत नाही.

पेठेतला_पैलवान · सोमवार, दुपारी ३.००

कोल्हापूर म्हणजे मटण हे समीकरण बाहेरून आलेल्या पाहुण्यांचं. मी सहा वर्षं तालमीत काढली. वस्तादांचा भर दूध, तूप आणि बदामाच्या थंडाईवर. मटण आठवड्यातून एकदा, तेही ज्याला परवडेल त्याला. आमच्यातले दोघे माळकरी होते आणि पोराला उचलून आपटायचे. सांगायचं काय, कुणाचा गळा न कापताही ताकद येते. दूध आहे की!

दोन_म्हशीवाली · सोमवार, रात्री ९.३०

पैलवान भाऊ, दुधाचं मी सांगते.

माझ्याकडं दोन म्हशी. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालते, त्यावर पोरांची फी निघते. म्हैस व्याली आणि रेडी झाली की घरात आनंद. तिला एक सड राखून ठेवायचा, कोवळा चारा घालायचा. टोणगा झाला की कुणी काही बोलत नाही. त्याला पान्हा सुटेपर्यंत लावायचं, सुटला की कान धरून बाजूला बांधायचं आणि सगळं दूध पिळून घ्यायचं. मागच्या वर्षी टोणगाच झाला. मी त्याला मारलं नाही. पोटभर पाजलंसुद्धा नाही. तो दोराला तोंड लावून दोरच चोखत उभा राहायचा. महिन्यात हगवण लागली आणि गेला. सासूबाई म्हणाल्या, सुटला.

कागलकर, तुमच्या बोकडाचं पोट भरलेलं होतं. माझ्या दुधाला सगळं गाव शाकाहारी म्हणतं.

गोठ्यातला_डॉक्टर · मंगळवार, सकाळी ६.५०

वीस वर्षं जनावरांची डॉक्टरकी करतोय. वर ताईंनी जे लिहिलं ते लिहायला छाती लागते. आम्ही ते रोज बघतो आणि वहीत 'हगवण' एवढं लिहून पुढच्या गोठ्यात जातो.

म्हैस दूध देते कारण ती व्याते, आणि व्यालेल्यात निम्मे नर. पूर्वी खोंड औताला लागायचा, रेडा पखालीला. ट्रॅक्टर आला, नळ आले, दोघंही बिनकामाचे झाले. मार्च २०१५ मध्ये राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आली. म्हैसवर्गाला प्रमाणपत्र घेऊन मुभा आहे. परिणाम काय, तर एचएफ (होल्स्टिन, परदेशी जातीच्या) गाईला गोऱ्हा झाला की त्याला गिऱ्हाईक नाही. मग तो उपाशी राहतो, किंवा रात्री दुसऱ्या गावच्या हद्दीत सोडला जातो. सुरी थांबली, मरण थांबलं नाही. आता सेक्स सॉर्टेड सिमेन (मादीच व्हावी म्हणून निवडलेलं वीर्य, कांडीत भरून येतं) आलंय, त्यातून दहातली नऊच्या आसपास वासरं मादी होतात. मला वाटतं गोठ्यातली हिंसा कमी करायला भाषणांपेक्षा त्या कांडीचा उपयोग जास्त होईल, फक्त ती प्रत्येक वेळी लागू पडत नाही आणि साध्या कांडीपेक्षा महाग पडते.

दुधाचा विषय निघालाच आहे तर, गांधीजींनी १९१२ मध्ये दूध सोडलं त्यामागं एक कारण गवळी लोकांची फुक्याची पद्धत हे होतं. पान्हा सोडावा म्हणून जनावराच्या योनीत फुंकायचं. पुढं आजारपणात कस्तुरबांच्या सांगण्यावरून शेळीचं दूध घ्यायला लागले आणि शपथेचा शब्द पाळला, अर्थ मोडला, असं स्वतःच मान्य केलं. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात फुका आणि दुधासाठी टोचायचं इंजेक्शन, दोन्ही गुन्हे आहेत.

त्याच कायद्यात जनावराला मारहाण, कोंबून वाहतूक, उपाशी ठेवणं यासाठी पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. हो, पन्नास. कोथिंबिरीची पेंडी महाग असते तेव्हा त्याच्या जवळपास जाते.

तालीम_गल्ली · मंगळवार, सकाळी ८.१५

डॉक्टर, मग कत्तलीला काही नियमच नाही का? का मनाला येईल तसं?

गोठ्यातला_डॉक्टर · मंगळवार, दुपारी २.३०

आहेत, आणि चांगले आहेत. २००१ चे कत्तलखाना नियम. तपासणीनंतर जनावराला २४ तास विश्रांती. एका डॉक्टरनं तासाला १२ आणि दिवसाला ९६ पेक्षा जास्त जनावरं तपासायची नाहीत. गाभण मादी, किंवा जिचं पिल्लू तीन महिन्यांच्या आतलं आहे अशी मादी कापायची नाही. एका जनावराच्या नजरेसमोर दुसरं कापायचं नाही.

आता रविवारी रांगेत उभे असाल तेव्हा दुकानाच्या मागं जरा वाकून बघा, बांधलेली दोन-तीन बकरी कुठं तोंड करून उभी आहेत. नियम कत्तलखान्याला आहे. दुकानामागच्या फरशीला कोण विचारतो?

आणि ज्यांना नीतीपेक्षा चव जवळची वाटते त्यांच्यासाठी: घाबरून, धडपडून दमलेल्या जनावराच्या स्नायूतली साखर संपून जाते. मग कापल्यावर मांसात जे आम्ल तयार व्हायला हवं ते होत नाही. मटण काळपट पडतं आणि लवकर नासतं. खाटकाला शिव्या घालण्याआधी टेम्पोवाल्याची चौकशी करावी.

सात_पिढ्या_करवीर · मंगळवार, सायंकाळी ६.००

टोकाचं वाटेल, पण आमच्या लहानपणी हे जास्त प्रामाणिक होतं. आषाढात टेंबलाई देवीला पंचगंगेचं नवं पाणी वाजतगाजत जायचं, गल्लीचं बकरं असायचं. ते आम्ही पोरांनीच आठवडाभर फिरवलेलं असायचं. कापताना मोठी माणसं आम्हाला आत हाकलायची नाहीत. रक्ती, मुंडी, वजडी, पाय, काही टाकलं जायचं नाही. वाटे करून घरोघर जायचे. वर्षात चार-पाच वेळा मटण, आणि प्रत्येक वेळी ते कुणाचं होतं हे माहीत. आता माझा नातू फोनवरून मागवतो, बिनहाडाचं. मुंडी समोर ठेवली तर ताटावरून उठतो.

देवाला पाहिजे की नको या वादात मी पडत नाही. कायद्यानं धर्माच्या रीतीनं जनावर मारण्याला सूट आहेच. पण आठवड्यातून तीनदा खायचं आणि बघायचं एकदाही नाही, ही रीत कुठल्या धर्मातली?

[प्रतिसाद काढून टाकला आहे] · मंगळवार, रात्री ८.२०

[प्रतिसाद काढून टाकला आहे] · मंगळवार, रात्री ८.२६

धागा_राखणदार · मंगळवार, रात्री ८.४०

हलाल-झटका आणि कुणाच्या ताटात काय यावरून चाललेले दोन प्रतिसाद उडवले आहेत. धागा चांगला चाललाय, नासवू नका. बोकडाला कापणाऱ्याची जात कळत नाही.

शेड_नंबर_दोन · मंगळवार, रात्री ११.५०

आत्ता कोंबड्यांचं लिफ्टिंग (गाडीत भरणं) झालं म्हणून जागा आहे. सगळे शेळी-बकऱ्याला रडताय, म्हटलं आपलं पण सांगावं.

माझं ब्रॉयलरचं शेड, पाच हजारांचं. कंपनी पिल्लू, खाद्य आणि औषध देते. शेड, लाईटबिल, खाली पसरायचं भाताचं तूस आणि राबणं माझं. वजनावर किलोमागं पैसे. चाळीस ग्रॅमचं पिल्लू येतं आणि चाळीस दिवसांत दोन किलोच्या वर जातं. शेवटच्या आठवड्यात कधी आत येऊन बघा. खातं, बसतं, पुन्हा खातं. छाती वाढते, पाय पेलत नाहीत. एखादी लंगडी पडली की भांड्यापर्यंत पोचत नाही, मग ती आम्ही रोज सकाळी फेरीत काढतो. 'काढतो' म्हणजे काय ते समजून घ्या. पहिल्या बॅचला माझी बायको करायची नाही. आता करते.

रात्री पोरं येतात, कारण अंधारात कोंबडी गप्प बसते. एका हातात चार-पाच, पायाला धरून उलट्या. दोन तासांत शेड रिकामं. आज उभा होतो तर एवढंच ऐकू येत होतं, क्रेटची झाकणं.

हिशेब करा. कागलकरांच्या बोकडाचं चौदा किलो मटण निघालं असेल. तेवढं चिकन व्हायला नऊ-दहा कोंबड्या. २०१९ च्या अखेरीस मटणाचा दर भडकला तेव्हा आपल्याकडं आंदोलनं झाली, बहिष्कार झाला, आठवतंय ना? खूप लोक चिकनवर गेले आणि तिथंच राहिले. त्यात पाप कमी झालं असं ज्यांना वाटतं त्यांना सांगतो, एकाच्या जागी दहा आले, आणि त्या दहांनी ऊनसुद्धा बघितलेलं नसतं. २०१९ च्या पशुगणनेत देशात शेळ्या १४.८८ कोटी आणि कोंबड्या-बदकं ८५ कोटींच्या वर. हे एका वेळचं मोजमाप. माझ्या शेडात वर्षाला पाच-सहा बॅच होतात.

तू बंद का करत नाहीस, असं विचारू नका. शेडवर कर्ज आहे.

तालीम_गल्ली · बुधवार, सकाळी ७.४०

२०२५ च्या जुलैत नांदणीच्या मठाची माधुरी हत्तीण गुजरातेतल्या वनताराला (प्राणी केंद्राला) नेली तेव्हा सगळा जिल्हा रडला. मी पण पदयात्रेत चाललो, पायाला फोड आले. श्रावण चालू होता म्हणून घरी मटण नव्हतं, एवढंच. काल शेडवाल्याचं वाचल्यापासून हेच डोक्यात आहे. माधुरीला नाव होतं म्हणून असेल का?

कागलकर, तुमच्या बोकडाला नाव होतं?

कागलकडचा · बुधवार, सकाळी ८.३०

पोरीनं ठेवलं होतं. इथं लिहीत नाही.

माळावरचा · बुधवार, रात्री १०.१५

आमी धनगर. सव्वाशे बकरी हायत. आमच्यात बकरी म्हंजी मेंढरं, शेळी न्हवं, शहरातल्यांनी गोंधळू नये.

पावसाळ्यात हिकडं बकऱ्याच्या खुरात चिखल्या हुत्यात, म्हणून आमी पूर्वेला कोरड्या माळाला जातो. दिवाळीनंतर माघारी, मग तुमच्या रानात बसवतो. लेंडीखतासाठी शेतकरी धान्य देतोय, पैसं देतोय. लोकरीचं इचारू नका, कातरणीची मजुरी निघंना. घोंगडं कोण घेतंय आता? कळप टिकतोय तो नर इकून. शंभर माद्यांला तीन-चार मेंढं बास. बाकीची ठिवली तर टकरा घेऊन एकमेकाला मारत्यात आन माद्यांचा चारा खात्यात.

आन ज्या माळावर ही चरत्यात तिथं चार बोटं माती, खाली खडक. कुसळी गवत येतंय तेवढंच. तिथं कुणी डाळ पिकवून दावा, मी बकरी सोडतो. सगळ्यांनी मटण सोडलं तर माझी बकरी सुखानं जगणार न्हाईत, ती जन्मालाच येणार न्हाईत.

शिरोळची_लेक · बुधवार, रात्री १०.४०

दादा, चिडू नका, खरंच विचारते. जे जन्मालाच आलं नाही त्याचं नुकसान होत नाही ना? मग नुकसान कुणाचं?

माळावरचा · बुधवार, रात्री १०.४४

माझं.

शिरोळची_लेक · बुधवार, रात्री ११.०२

हे उत्तर मला आवडलं. 'बकऱ्यांच्या भल्यासाठी' असं तुम्ही म्हणाला असता तर मी भांडले असते.

राजारामपुरीकर · गुरुवार, सकाळी १०.००

मला तर शेडवाले आणि माळावरचे यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. दोन्हीला 'मांसासाठी पाळणं' हा एकच शब्द लावतो तिथंच घोळ आहे. माळावर दीड वर्ष चरलेलं आणि चाळीस दिवस तुसावर बसलेलं, दोघांचा शेवट सारखा म्हणून जगणं सारखं धरायचं का? बायकोशी बोललो. चिकन बंद, मटण महिन्यातून दोनदा. पोरं किती दिवस ऐकतात बघू. शाकाहारी मंडळी हसतील, हसू देत.

दोन_म्हशीवाली · गुरुवार, दुपारी ४.२५

पांढऱ्या कपाळाची म्हैस आज-उद्या व्याईल. डॉक्टर, त्या कांडीचं पुढच्या खेपेला विचारते. या खेपेला टोणगा झाला तर एक सड त्याला सोडायचा असं ठरवलंय. डेअरीत लिटर-दीड लिटर कमी जाईल. घरात अजून सांगितलेलं नाही.

कागलकडचा · शुक्रवार, रात्री ९.५०

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. शेळ्या मी विकणार नाही, तेवढं बळ माझ्यात नाही आणि घरालाही ते परवडणारं नाही. टेम्पो मात्र बंद केला. आमच्याच गावातल्या खाटकाशी बोललोय, त्याचं दुकान घरापासून चालत दहा मिनिटांवर. दर थोडा कमी देतो म्हणाला. एका वेळी एकच नेणार, आणि तिथं दुसरं बांधलेलं नसेल तेव्हाच. डॉक्टरांचा तो नजरेसमोरचा नियम त्याला सांगितला तर तो माझ्याकडं बघतच राहिला. मग म्हणाला, "माझा आजा पण असंच करायचा."

दुसरं बोकड रविवारी जायचंय. मका न्यायचा नाही असं ठरवलंय. दोर लावून नेणार. निदान फसवल्यासारखं होणार नाही.

माळावरचा · शुक्रवार, रात्री १०.३०

मका ने.

दोर वढला की त्येला घरापास्नंच कळतंय. दहा मिन्टं ते भ्या घिऊन चालणार, आन तू मन हलकं करून. आमी आजपतूर जेवढी दिली तेवढी हाताला चाटतच गेल्यात. रातीला झोप येत न्हाई, ती आमची आमी बघतो.

कागलकडचा · शुक्रवार, रात्री ११.४०

तासभर काय लिहावं सुचेना. नेतो मका.

तालीम_गल्ली · शनिवार, सकाळी ८.०५

भावा, तुझ्या गावच्या खाटकाकडं किलो कसा? नाही म्हणजे, उद्या मी पण येतो. दाराशी उभा राहून बघायचंय एकदा.